मधल्या वर्षांचा हिशेब

पदव्युत्तर प्रवेशांच्या दिवसांत कागदपत्रे तपासण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे येते. गुणपत्रिका, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर अशा नेहमीच्या कागदांखाली काही जणांच्या फायलीत नोटरीचा शिक्का मारलेले एक प्रतिज्ञापत्र असते. त्याला बोलीत सगळेच 'गॅप सर्टिफिकेट' म्हणतात. त्यातला मजकूर जवळजवळ ठरलेला असतो. अमुक साली माझे पदवीचे शिक्षण पूर्ण झाले, त्यानंतर अमुक सालापर्यंत मी कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतला नाही, कोणत्याही गैरकृत्यात माझा सहभाग नव्हता, आणि हे सर्व मी सत्यप्रतिज्ञेवर सांगते. एवढे कागद वाचल्यानंतर माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी की, त्या मधल्या वर्षांत उमेदवाराने काय केले नाही हे त्या प्रतिज्ञापत्रात सविस्तर असते, काय केले हे मात्र त्यात कोठेच नसते.

दोन वर्षांपूर्वी एम.कॉम.च्या प्रवेशासाठी ठाण्याजवळच्या दिव्याहून एक मुलगी आली होती. तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. बी.कॉम. झाल्यावर तीन वर्षांचा खंड होता. अर्जातल्या 'कामाचा अनुभव' या रकान्यात तिने 'काही नाही' असे लिहिले होते. सहज विचारले तेव्हा कळले की, वडिलांचे डायलिसिस आठवड्यातून दोनदा असे आणि त्या दोन दिवशी त्यांना नेण्या-आणण्याचे काम तिचे होते. उरलेल्या दिवसांत सकाळी ती एका औषधांच्या दुकानात हिशेब आणि मालाची नोंद ठेवत होती, संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना क्लासमध्ये गणित शिकवत होती, आणि मध्ये सात-आठ महिने एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात जीएसटीची विवरणपत्रे भरत होती. मी म्हटले, "अगं, मग 'काही नाही' का लिहिलंस?" ती म्हणाली, "मॅडम, लेटर कुठलंच नाही ना."

मला जे म्हणायचे आहे ते त्या रकान्यातल्या दोन शब्दांपासून सुरू होते. कामाच्या किंवा शिक्षणाच्या इतिहासात पडलेला खंड हा आपल्याकडे माणसाच्या स्वभावाचा पुरावा म्हणून वाचला जातो. चिकाटी नसावी, घरची काही भानगड असावी, निवड कोठेच झाली नसावी, असे तर्क एका मोकळ्या जागेवरून केले जातात. प्रत्यक्षात मुंबईसारख्या शहरात बहुतेक खंड कंत्राटाच्या पद्धतीने, आजारपणाने, घरातल्या काळजीच्या वाटणीने आणि नोंद न ठेवणाऱ्या मालकांनी निर्माण केलेले असतात. ज्या खंडात उमेदवाराचा दोष नाही, त्याची किंमत प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या दारात त्याच्याकडून वसूल करणे अन्यायाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ही कल्पना माझी नवी नाही. आपल्या कामगार कायद्याने ती फार पूर्वी मान्य केली होती.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधले कलम २५-ब सलग सेवेची व्याख्या करत असे. आजारपण, मंजूर रजा, अपघात, बेकायदेशीर नसलेला संप, टाळेबंदी किंवा कामगाराच्या दोषाविना थांबलेले काम यांमुळे सेवेत खंड पडला, तरी ती सेवा सलगच मानावी, असे त्यात म्हटले होते. शिवाय या व्याख्येत न बसणाऱ्या कामगारानेही मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम केले असेल, तर त्याची वर्षभराची सेवा सलग धरावी अशी तरतूद त्यात होती. हे कलम ज्या काळात आकाराला आले, तेव्हा मुंबईच्या गिरणगावात बदली कामगार ही रोजच्या पाहण्यातली गोष्ट होती. बदलीचे कार्ड घेऊन माणूस पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभा राही. कायम कामगार गैरहजर असेल त्या दिवशी त्याला काम मिळे, नसेल तर तो परत जाई. अशा माणसाचा वर्षभराचा इतिहास तुकड्यातुकड्यांचाच असणार, पण तो कामचुकार होता असे लालबाग-परळमध्ये कोणी म्हटले नसते, कारण तुकडे कोणी केले हे सगळ्यांना माहीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर सुमारे अडीच लाख कामगारांच्या आयुष्यात एकाच वेळी खंड पडला आणि त्यांतल्या कित्येकांचा तो पुढे भरलाच नाही. त्या घरांतल्या मुलांनी शिक्षण मध्येच सोडले, मिळेल ते काम केले आणि काहींनी अनेक वर्षांनी बाहेरून बसून पदवी घेतली. या शहराला तुटक आयुष्याचा अर्थ नव्याने शिकवण्याची खरे तर गरज पडू नये.

पण त्याच २४० दिवसांच्या नियमाचा उलटा उपयोग करण्याची युक्तीही याच देशात निघाली. कंत्राटी किंवा हंगामी माणसाचे दिवस भरत आले की त्याला काही दिवस कमी करायचे आणि पुन्हा नव्या आदेशाने घ्यायचे, याला सरकारी भाषेत 'तांत्रिक खंड' असे नाव आहे. रुग्णालये, शाळा, महापालिकांची खाती, शासकीय महाविद्यालये अशा अनेक ठिकाणी हंगामी नेमणुकांत हा प्रकार चालत आला आहे. हा खंड मालकाने आपल्या सोयीसाठी पाडलेला असतो, परंतु पुढच्या मुलाखतीत त्याचे उत्तर मात्र कर्मचाऱ्याला द्यावे लागते. ज्याने खंड पाडला तो त्या खोलीत हजरही नसतो.

माझ्या व्यवसायातले उदाहरण मला जवळचे आहे, कारण मी स्वतः सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाची नेमणूक सत्रापुरती असते, मानधन घेतलेल्या तासांचे मिळते, परीक्षा आणि सुटीच्या महिन्यांत काहीच मिळत नाही. नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. केलेली माणसे सकाळी एका महाविद्यालयात आणि दुपारी लोकलने दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयात तास घेत अशी वर्षे काढतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे हंगामी किंवा कंत्राटी सेवा अनुभव म्हणून धरायची, तर इतर अटींबरोबर एक अट अशी आहे की, त्या काळातले एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे. तासिकेच्या मानधनाची बेरीज या रकमेच्या जवळपासही जात नाही. म्हणजे ज्या माणसाला कमी पैसे दिले, त्याचा अनुभवही कमी पैसे दिले म्हणूनच मोजायचा नाही. एकाच अन्यायाची किंमत दुसऱ्यांदा वसूल करण्याचा हा प्रकार आहे. माझ्या सहा वर्षांचे पुढे एका छाननी समितीने शून्य केले, तेव्हा समितीतल्या कोणाचाही माझ्यावर राग नव्हता, हे मला आजही आठवते. त्यांनी फक्त नियम वाचला होता.

नोंदीचा प्रश्न यापेक्षाही खोल आहे. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ पासून आला आणि कर्मचाऱ्याची नोकऱ्यांची साखळी एका क्रमांकाखाली दिसू लागली. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय होती. नोकरी बदलल्यावर जुना पैसा हरवत नाही. पण हळूहळू बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, म्हणजे उमेदवाराच्या पूर्वीच्या माहितीची पडताळणी, करणाऱ्या संस्था याच नोंदीकडे कामाच्या खरेपणाचा पुरावा म्हणून पाहू लागल्या. आता भविष्यनिर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना लागू होतो. औषधाचे दुकान, खाजगी क्लास, दोन खोल्यांतले लेखापालाचे कार्यालय, घरून चालणारा पोळी-भाजीचा व्यवसाय, वडिलांच्या रिक्षाचा हिशेब, यांतले काहीही त्या नोंदीत येत नाही. दिव्याच्या त्या मुलीने तीन वर्षांत तीन कामे केली आणि नोंदीच्या दृष्टीने ती तीन वर्षे घरी बसून होती. जिच्या वडिलांची नरिमन पॉइंटला ओळख आहे, ती सहा महिन्यांची बिनपगारी इंटर्नशिप करते आणि तिच्याकडे छापील कागदावरचे पत्र असते. या दोघींचे रिझ्युमे शेजारी ठेवले तर कोणाचा इतिहास विरळ दिसेल, हे सांगायला नको. इतिहास विरळ असणे आणि इतिहासाचा कागद विरळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गरिबाच्या बाबतीत त्या जवळजवळ नेहमीच एक धरल्या जातात.

मार्च २०२० नंतरचा काळ तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा आहे. करोनाची टाळेबंदी उठत गेली तरी सामान्य प्रवाशाला लोकल बंदच होती. १ फेब्रुवारी २०२१ ला ती ठराविक वेळांत सुरू झाली, एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास करता आला. विरार, बदलापूर, टिटवाळा येथून फोर्ट किंवा अंधेरीला कामाला येणाऱ्या आणि घरून काम करण्याची सोय नसलेल्या माणसाला या काळात नोकरी टिकवणे किती अवघड होते, हे मुंबईत राहणाऱ्या प्रत्येक मनुष्यबळ अधिकाऱ्याला ठाऊक आहे, कारण तोही याच शहरात होता. असे असूनही २०२०-२१ मधला खंड आजही मुलाखतीत विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला आपण काय विचारतो आहोत हे आठवत नाही, याचे मला वाईट वाटते.

उच्च शिक्षणाच्या प्रवेशात खंडाचा प्रत्यक्ष परिणाम किती होतो, याबद्दल पालकांच्या मनात बराच गोंधळ असतो, म्हणून तो थोडा सोडवला पाहिजे. आपल्या राज्यातले एमबीएसारख्या अभ्यासक्रमांचे केंद्रीय प्रवेश मुख्यतः सीईटीच्या गुणांवर होतात. तिथे खंडाचे प्रतिज्ञापत्र मागितले जाते, पण त्यावरून गुण कापले जात नाहीत. ज्या राष्ट्रीय व्यवस्थापन संस्था निवडसूत्रात कामाच्या अनुभवाला गुण देतात, त्या सर्वसाधारणपणे पदवीनंतरचा पूर्णवेळ अनुभवच महिन्यांत मोजतात. अर्धवेळ काम, शिकता शिकता केलेले काम किंवा घरच्या व्यवसायातले बिनपगारी काम त्यांच्या मोजपट्टीत सहसा येत नाही. परदेशातल्या, विशेषतः अमेरिकेतल्या, अनेक व्यवसाय शिक्षणसंस्था अर्जात एक ऐच्छिक निबंध लिहू देतात आणि खंड असल्यास तो तिथे समजावून सांगावा असे सुचवतात. माझ्या मते ही पद्धत आपल्या प्रतिज्ञापत्रापेक्षा अधिक माणुसकीची आहे, कारण ती उमेदवाराला निदान बोलू देते. संशोधनाच्या प्रवेशात तर खंडाचा अडथळा मला फारसा दिसलेला नाही, पीएच.डी.च्या मुलाखतीत विषयाची समज आणि प्रस्ताव बोलतो.

खरा फटका बसतो तो प्रवेश मिळून, शिकून, उत्तीर्ण होण्याच्या बेतात असताना. महाविद्यालयात भरतीसाठी येणाऱ्या अनेक कंपन्यांच्या पात्रतेच्या अटींत 'शैक्षणिक खंड एक वर्षापेक्षा अधिक नसावा' किंवा 'दोन वर्षांपेक्षा अधिक नसावा' अशी ओळ असते. ही ओळ वाचून संगणक अर्ज गाळतो. तिथे नोटरीचा शिक्का चालत नाही, निबंध चालत नाही आणि वर्गातला पहिला क्रमांकही चालत नाही. म्हणजे प्रवेश देणाऱ्या व्यवस्थेने ज्या खंडाला हरकत घेतली नाही, तो खंड दोन वर्षे फी भरून घेतल्यानंतर उमेदवारासमोर भिंत होऊन उभा राहतो. प्रवेशाच्या वेळी हे विद्यार्थ्याला कोणीच सांगत नाही.

यातली विसंगती सरकारी धोरणाशी ताडून पाहिली की अधिकच बोचते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवीच्या अभ्यासक्रमात अनेक टप्प्यांवर बाहेर पडण्याची आणि परत येण्याची मुभा दिली. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी अशी रचना आली. शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा केलेली क्रेडिट्स, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहतील, असे २०२१च्या नियमांत ठरले. म्हणजे शासन विद्यार्थ्याला सांगते की, गरज पडली तर थांब, कमाव, घर सावर आणि सात वर्षांच्या आत ये. त्यावर विश्वास ठेवून थांबलेल्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलच्या फलकावर 'एक वर्षापेक्षा अधिक नसावा' हे वाचायला मिळते. दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत चालतात. ही विसंगती दूर करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. महाविद्यालयाने आपल्या आवारात भरतीला येणाऱ्या कंपनीला ही अट काढायला सांगणे एवढेच लागते. आम्ही ते सांगत नाही, कारण कंपनी दुसऱ्या महाविद्यालयात जाईल अशी भीती वाटते. एकेकट्या महाविद्यालयाची ही भीती मला समजते, म्हणूनच हे काम विद्यापीठाने सर्व संलग्न महाविद्यालयांसाठी एकदमच करायला हवे.

भीतीचा दुसरा परिणाम विद्यार्थ्यांवर होतो आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. खंड भरून काढण्यासाठी खोटी अनुभवपत्रे मिळवण्याचा सल्ला त्यांना उघडपणे दिला जातो. काकांच्या फर्मचे लेटरहेड, ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का, पैसे देऊन मिळणारे इंटर्नशिपचे पत्र, असे मार्ग चांगल्या घरची शहाणी माणसे सुचवतात. मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते की, हे करू नका. नोकरी लागल्यावर वर्षभराने पडताळणीत खोटे पत्र सापडले तर खंडापेक्षा कितीतरी मोठा डाग लागतो. खरा खंड दोन वाक्यांत सांगता येतो, आणि मुलाखत घेणारी व्यक्ती बरी असेल तर ती दोन वाक्ये पुरतात. पण सगळा दोष विद्यार्थ्यावर टाकून मला स्वस्थ बसता येत नाही. ज्या व्यवस्थेत खऱ्या तीन कामांची किंमत शून्य आणि एका खोट्या पत्राची किंमत नोकरी, तिथे खोटेपणा केवळ मुलांनी निर्माण केलेला नसतो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे. नोकरी देणाऱ्याकडे एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात, प्रत्येकाची कहाणी ऐकणे त्याला शक्य नसते, आणि दीर्घ काळ कामापासून दूर राहिलेल्या माणसाचे कौशल्य गंजते, हा युक्तिवाद पोकळ नाही. संगणक क्षेत्रात तीन वर्षांत साधने बदलतात. शस्त्रक्रिया करणाऱ्या हाताला सराव लागतो. लेखापालाला दर अर्थसंकल्पानंतर नवे नियम शिकावे लागतात. हे मला मान्य आहे. मात्र कौशल्य गंजले की नाही, हे पाहण्याचा मार्ग कौशल्य तपासणे हा आहे. एखादा तक्ता करायला देणे, एखादा प्रश्न सोडवून घेणे, पंधरा दिवस उजळणीचे प्रशिक्षण देणे हे सगळे शक्य असते. तारखांमधली मोकळी जागा पाहून निष्कर्ष काढणे स्वस्त पडते म्हणून ते केले जाते, अचूक असते म्हणून नव्हे.

या बाबतीत अमेरिकेत झालेला एक प्रयोग मला उद्बोधक वाटतो. क्रॉफ्ट, लँगे आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी सुमारे १२,००० बनावट रिझ्युमे सुमारे ३,००० जागांसाठी पाठवले आणि त्यांत बेरोजगारीचा काळ फक्त कमी-जास्त ठेवला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार बेरोजगारीचा काळ जसा वाढला, तसे मुलाखतीचे बोलावणे कमी झाले आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच झाली. पण महत्त्वाचा भाग पुढे आहे. ज्या शहरांत रोजगाराची स्थिती वाईट होती, तिथे खंडाचा असा परिणाम कमी दिसला. म्हणजे सगळ्यांच्याच नोकऱ्या गेलेल्या असतात तेव्हा खंडावरून माणसाबद्दल फारसे काही कळत नाही, हे नोकरी देणाऱ्यांनाही उमगते. परिस्थिती लक्षात घेऊन खंड वाचता येतो, याचाच हा पुरावा आहे. मुंबईतल्या मालकांकडून माझी अपेक्षा एवढीच आहे की, ही समज मंदीपुरती राखून ठेवू नये. ज्या घरात आजारपण आले त्या घरापुरती मंदीच आलेली असते.

स्त्रियांच्या बाबतीत हा विषय वेगळ्या परिच्छेदाचा नाही, वेगळ्या लेखाचा आहे, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. माझ्यासमोर येणाऱ्या खंडाच्या प्रतिज्ञापत्रांत मुलींची संख्या अधिक असते आणि कारणे ठरलेली असतात : लग्न, नवऱ्याची बदली, बाळंतपण, सासूबाईंचे आजारपण. परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयाबाहेर रुग्णासोबत बसलेल्यांकडे कधी नीट पाहा. कोणाच्या तरी नोकरीतला खंड तिथे बसलेला असतो, आणि बहुधा तो मुलीचा किंवा सुनेचा असतो. २०२३चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी बर्ट्रांड आणि कात्झ यांच्यासह शिकागोच्या एमबीए पदवीधरांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला होता. त्यात स्त्री-पुरुषांचे उत्पन्न सुरुवातीला जवळजवळ सारखे होते आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मोठी दरी पडली; त्या दरीच्या मुख्य कारणांत कामातला खंड हे एक होते. तो अभ्यास तिथला आहे आणि तिथल्या उच्चभ्रू वर्गाचा आहे. आपल्याकडे खंडानंतर परत येण्याची वाटच इतकी अरुंद आहे की, उत्पन्नातली दरी मोजण्याच्या आधी किती जणी परतल्या हे मोजावे लागेल.

चांगल्या तरतुदी नाहीत असे नाही. २०१७च्या दुरुस्तीने प्रसूती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पीएच.डी.च्या २०२२च्या नियमांत स्त्री संशोधकांना संपूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. केंद्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्येच खंड पडलेल्या स्त्री वैज्ञानिकांसाठी योजना सुरू केली, आणि टाटा समूहाने २००८ मध्ये 'सेकंड करिअर' नावाने अशा स्त्रियांना पुन्हा कामात आणणारा उपक्रम आरंभला. या सगळ्यांत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, त्यांनी खंड हा पात्रतेचा भाग मानला. खंड लपवावा लागणार नाही अशी जागा त्यांनी निर्माण केली. मात्र या जागा मूठभर आहेत आणि त्या बहुतांश उच्चशिक्षितांसाठी आहेत, दिव्याच्या बी.कॉम. मुलीसाठी त्यांत काही नाही.

खंडानंतर परत येऊ देणे म्हणजे दर्जा खाली आणणे, असे मानणाऱ्यांना याच शहरातल्या एका आयुष्याची आठवण करून द्यावीशी वाटते. १९१७ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधले शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत अस्पृश्यतेमुळे राहायला जागाही मिळाली नाही, तेव्हा ते मुंबईला आले. इथे त्यांनी शिकवण्या केल्या, सल्लागाराचा व्यवसाय करून पाहिला, १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या त्यांनी मिळवल्या. हे शक्य झाले याचे एक कारण त्यांची अफाट जिद्द, हे निर्विवाद. पण दुसरे कारण क्वचितच सांगितले जाते : लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे नेण्याची परवानगी देऊन ठेवली होती. दार उघडे ठेवलेले होते. पुढे १९४६ मध्ये त्यांच्या संस्थेने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले गेले, ते नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून. तुटक आयुष्य जगणाऱ्याला शिक्षणात जागा कशी करून द्यायची, हे त्यांना अनुभवाने माहीत होते.

मग आज काय करता येईल? फार खर्चाचे काही नाही. ब्रिटनमध्ये २०२२च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ९,०००हून अधिक अर्ज पाठवले गेले आणि काही रिझ्युमेंत नोकरीच्या तारखांऐवजी प्रत्येक ठिकाणी किती वर्षे काम केले एवढेच लिहिले. तारखा काढल्यावर खंड डोळ्यांत भरत नाही आणि अनुभवाची बेरीज दिसते. अशा अर्जांना खंड दिसणाऱ्या अर्जांपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी आणि खंड नसलेल्या अर्जांपेक्षाही सुमारे आठ टक्क्यांनी अधिक प्रतिसाद मिळाला. मुंबई विद्यापीठाने आणि महाविद्यालयांच्या प्लेसमेंट सेलने विद्यार्थ्यांच्या माहितीचा नमुना याच पद्धतीने बदलला, तर पहिल्या चाळणीत कित्येक नावे टिकतील. तासिका तत्त्वावरचा अनुभव वेतनाऐवजी घेतलेल्या तासांवर मोजण्याचा बदल विद्यापीठ अनुदान आयोगाला एका दुरुस्तीने करता येईल. हजेरीपटावर तासांची नोंद असतेच. प्रवेशाच्या वेळच्या प्रतिज्ञापत्रामागे दोन प्रवेश एकाच वेळी घेतले जाऊ नयेत हा जुना हेतू होता; २०२२ मध्ये आयोगानेच दोन अभ्यासक्रम एकत्र करण्यास परवानगी दिल्यानंतर तो हेतू बराचसा उरलेला नाही. त्यासाठी नोटरीच्या रांगेत मुलांना उभे करण्याऐवजी साध्या कागदावरची स्वयंघोषणा पुरेशी व्हावी. आणि त्या कागदावर 'या काळात मी काय केले' अशी एक मोकळी जागा असावी, जिथे डायलिसिसचे दोन दिवससुद्धा लिहिता येतील.

त्या मुलीने एम.कॉम. पूर्ण केले. तिचा निकाल वर्गातल्या पहिल्या पाचांत होता. महाविद्यालयात आलेल्या तीन कंपन्यांपैकी दोन कंपन्यांच्या यादीत तिचे नाव खंडाच्या अटीमुळे आलेच नाही. तिसऱ्या ठिकाणी ती मुलाखतीला गेली तेव्हा मी तिच्या रिझ्युमेतला तो रकाना तिच्याकडून पुन्हा लिहून घेतला होता. औषधाच्या दुकानातल्या मालाची नोंद, क्लासमधले गणित, जीएसटीची विवरणपत्रे, प्रत्येकासमोर महिने; आणि खाली दुकानदाराने वहीच्या कागदावर मराठीत लिहून दिलेले चार ओळींचे पत्र जोडले होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते पत्र दोनदा वाचले आणि विवरणपत्रांबद्दल पाऊण तास प्रश्न विचारले, असे ती सांगत होती. यंदाच्या भरतीसाठी त्या उरलेल्या दोन कंपन्यांचे अटींचे पत्रक गेल्या आठवड्यात आले आहे. खंडाची ओळ तशीच आहे, आणि ती काढावी असे लिहून द्यायचे पत्र माझ्या टेबलावर प्राचार्यांच्या सहीसाठी तयार आहे.